नमऱ्याचा शेवट

बाबा,

माझं पुस्तक आलं. पहिली प्रत आईच्या हातात दिली, तर तिने ती उलटी करून आधी मागचा माझा फोटो पाहिला आणि म्हणाली, "केसाले तेल लावून काढला असता तं काय झालं असतं?" मग चष्मा लावून आठ दिवसांत सगळं वाचून काढलं. पुस्तक आपल्या नमऱ्याचं आहे. हजारो वर्षं जगलेल्या, कुठल्याच तलवारीने न मेलेल्या एका लढवय्याची जीवनकथा. लोकांना आवडतंय ते. फोन येतात, पत्रं येतात, आणि जवळजवळ प्रत्येकजण शेवटच्या प्रकरणाबद्दल बोलतो. जो मरतच नाही त्याचा असा शेवट तुम्हाला सुचला कसा, असं विचारतात. मी म्हणते, "सुचला." हे म्हणताना दरवेळी जीभ जरा अडते, कारण तो मला सुचलेला नाही. तो तुमचा आहे, आणि पुस्तकावर नाव एकट्या माझं आहे. आता दुसरी आवृत्ती निघते आहे. सुरुवातीच्या पानावर काही घालायचं असेल तर सोमवारपर्यंत कळवा, असं प्रकाशकांनी सांगितलंय. आज शनिवार आहे. काय कळवायचं ते ठरत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला बसले.

तेव्हा आपलं राज्य नवं नवं झालं होतं आणि मी बारावीत होते. रविवारी सकाळी अकरा वाजता ती हिंदी सिरियल लागायची. एका साधूच्या शापाने अमर झालेला योद्धा, खांद्यावरून लोंबणारं लाल कापड, आणि वाऱ्याने सुद्धा वाकेल अशी तलवार. धुरातून चेटकीण यायची, भाला त्याच्या छातीत शिरायचा, तो पडायचा, संगीत थांबायचं. आणि मग त्याचं एक बोट हलायचं. बोट हललं की भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आपल्या अख्ख्या ब्लॉकमधून, वरच्या-खालच्या सगळ्या क्वार्टरांतून एकदम आरडाओरडा. तुम्हाला मात्र ते बोट फारसं दिसायचं नाही. पोलाद कारखान्यात ए शिफ्ट असली की तुम्ही पहाटे साडेपाचलाच सायकल काढलेली असायची. सी शिफ्ट असली की सकाळी येऊन तोंडावर पांघरूण ओढून घ्यायचात. तीन रविवारांतले दोन तुमचे हुकायचेच, आणि तिसरा बहुतेक बाजारहाटात जायचा. म्हणून जेवताना मी सांगायची. सिरियल हिंदीत, सांगणं मराठीत. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, मराठी आपल्या स्वयंपाकघरातच काय ती उरलेली. मी पुढे या भाषेत लिहायला लागले त्याचं कारण लोक विचारतात तेव्हा मला ते ताट आठवतं, भात आणि लाखोळीचं वरण, आणि पहिला घास तोंडात घालायच्या आधी तुमचा प्रश्न, "मंग, आपला नमऱ्या काय म्हणते?" न मरणारा म्हणून नमऱ्या. सिरियलमध्ये त्याचं मोठं, संस्कृत नाव होतं. ते तुम्ही एकदाही घेतलं नाही.

आणि तुमचे प्रश्न! "तो जेवते कवा? मागच्या बारीपासून तं नुसता लढूनच राहिला." "एवढ्या सालात त्याचे जोडे झिजले नाईत का?" "त्याचं गाव कोणतं? गावचे लोक ओळखत असन ना त्याले." यातलं काहीच सिरियलमध्ये नसायचं. पण तुम्ही घास हातात धरून वाट बघताय आणि मी म्हणणार, दाखवलं नाही? मी सांगून टाकलं, जोडे झिजतात, एक म्हातारा चांभार दर पन्नास वर्षांनी त्याला नवे करून देतो. "पन्नास सालानं तोच चांभार कसा राहीन?" तुम्ही विचारलं. मी म्हटलं, त्याचा नातू. तुम्ही मान हलवली. तुमचं समाधान झालं, आणि मला एक चटक लागली.

मग गणिताच्या सरांनी रविवारी सकाळी जास्तीचा क्लास सुरू केला आणि माझी सिरियल बंदच झाली. क्लास आहे हे तुम्हाला सांगितलेलं होतं, पण तुम्ही विसरलात. पहिल्या रविवारी दुपारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी तोंड उघडलं ते "आज क्लास होता" म्हणायला, आणि बाहेर पडलं, "बाबा, आज तो एका गावात लोहाराकडे कामाला लागला." आई ताटात भात वाढत होती. तिचा हात थांबला. ती माझ्याकडे बघते आहे, मी तिच्याकडे बघत नाही. "असं?" ती म्हणाली, "सांग सांग. नीट पाह्यलं ना तू?" त्यानंतर तीन महिने आईने प्रत्येक रविवारी हा टोमणा मारला आणि प्रत्येक रविवारी गोष्ट संपेपर्यंत ती स्वयंपाकघरातून हलली नाही.

तुम्ही माझ्या गोष्टी कारखान्यात, फर्नेसवर नेता हे मला माहीत नव्हतं. तुमच्या गँगमधल्या सगळ्यांचीच शिफ्ट तीच, म्हणजे सगळ्यांचेच रविवार हुकलेले. सोमवारी चहाच्या सुट्टीत तुम्ही त्यांना नमऱ्याची बातमी द्यायचात. दोघा-तिघांच्या घरची पोरं वेगळंच काहीतरी सांगायची. त्यावरून वाद व्हायचे आणि तुम्ही हटायचा नाहीत. "माह्या पोरीनं सोताच्या डोयानं पाह्यलं," असं म्हणायचात. हे सगळं मला ज्या दिवशी कळलं तो बी शिफ्टचा, दुपारी दोनला निघायचा रविवार होता आणि तुम्ही बाजारात गेला नव्हतात. लवकर सुटलेल्या क्लासहून मी येते, दारातच चप्पल काढते, आणि समोर तुम्ही. लुंगी, बनियन, हातात चहाचा कप, आणि टीव्ही चालू. पडद्यावर नमऱ्या पाण्याच्या तळाशी एका नागकन्येच्या महालात उभा. तुम्ही माझ्या दप्तराकडे बघितलं. मग टीव्हीकडे. मग परत माझ्याकडे.

"हा तं समुद्रात हाये," तुम्ही म्हणालात.

मी वाकून काढलेल्या चपला नीट लावायला लागले.

"तू तं मले सांगतलं का लोहाराच्या पोरीच्या लग्नात वाढून राहिला."

आतून आई म्हणाली, "अवो, तीन महिन्यापासून तिचा क्लास असते या टायमाले. तुमाले घरातलं काई मालूम असते का?"

तुम्ही कप खाली ठेवलात. बाबा, तुम्ही मला कधी मारलं नाही, पण त्या वेळी मारलं असतं तर बरं, असं मला वाटलं. मग म्हणालात, "कावून केलं असं? मी तिथं बारा माणसाइसमोर तुह्या नावानं भांडून राहिलो. उद्या त्यायले कोणतं तोंड दाखवू?" मला रडू आलं. तुम्ही उठून टीव्ही बंद केलात, माझ्याजवळ आलात आणि माझ्यावर जो खरा राग काढलात तो मी आजही तोंडपाठ म्हणू शकते. "आन् खोटंच सांगाचं होतं तं नीट तं सांगाव. त्यानं भट्टीतलं लाल लोखंड पाण्यात बुडवलं आन् लगेच हातात घेतलं मणे. असं घेत असते का कोणी? मरत नाई मणजे भाजत नाई असं थोडीच हाये. मरत नाई तो. फोडं तं येतीनच ना त्याले."

मी रडता रडता हसले. तुम्ही नाही हसलात. तुम्ही मनापासून चिडला होतात, त्या फोडांवरून. मरत नाही म्हणजे भाजत नाही असं नाही. माझ्या पुस्तकाचं परीक्षण लिहिणाऱ्या एका बाईंनी या पुस्तकातला अमर माणूस सगळ्यांत जास्त दुखावणारा आहे असं लिहिलंय. ते काय माझं आहे?

दुसऱ्या दिवशी तुम्ही गँगला खरं सांगितलंत. मी दिवसभर शाळेच्या बाकावर बसून त्या बारा माणसांचं हसणं मनात ऐकत होते. रात्री दहाला शिफ्ट सुटली, तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत, आणि आईला म्हणालात, "ते मणतात, टीव्हीवरचा राहू दे. आमाले लोहारवाला पाह्यजे." मग खिशातून एक चौकोनी, कोपरा उडालेली निळी काच काढून माझ्या वहीवर ठेवलीत. याच काचेतून तुम्ही भट्टीच्या आत बघायचात. मी ती घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि गॅसच्या ज्योतीवर धरली. काहीच दिसलं नाही, नुसता अंधार. "एवढुशा इस्तवात का दिसन?" तुम्ही म्हणालात. "मोठा इस्तू लागते." तेव्हापासून तुम्ही माझे सल्लागार झालात. लोखंड कधी लाल दिसतं, कधी केशरी, कधी पांढरं, माणसाला धग कुठे आधी लागते, घाम कधी सुकतो. आणि मी दर रविवारी एक भाग, क्लासमध्ये बसून, गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर.

फेब्रुवारीत सिरियल अचानक बंद पडली. शेवट नाही, काही नाही. एका रविवारी त्या वेळेला दुसराच कार्यक्रम लागला. तुमच्या गँगला त्याचं दुःख नव्हतं. त्यांना फक्त हे हवं होतं की आता माझ्या नमऱ्याचा शेवट काय. आणि तो मला येईना. तुमच्यासमोर बसून मी म्हटलं, "बाबा, तो मरतच नाही. मग शेवट कसा करू?" परीक्षा दहा दिवसांवर होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तू अभ्यास कर. शेवटाचं मी पाहतो." दोन दिवसांनी दुपारी डबा धुवायला टाकत तुम्ही सांगितलंत, "झाला शेवट." काय झाला, मी विचारलं. "पेपर होऊ दे, मंग सांगीन."

पेपर झाले आणि मी विसरले. इतकं साधं आहे ते. निकाल, रायपूरचं कॉलेज, हॉस्टेल, मैत्रिणी. तुम्हीही पुन्हा काढलं नाहीत, एकदाही. पाच-सहा वर्षांनी तुम्ही गेलात, रिटायर व्हायला थोडी वर्षं बाकी असताना, आणि तो शेवट तुमच्याबरोबर गेला असं मी धरून चालले.

तीन वर्षांपूर्वी दुर्गला एका लग्नात तुमच्या गँगमधले ते काका भेटले, जे तुमच्याबरोबर सायकलने जायचे. आता नंदिनी नगरला मुलाकडे असतात. जेवणाची ताटं हातात धरून आम्ही भिंतीशी उभे होतो. मी सहज विचारलं, आणि त्यांनी ताट खुर्चीवर ठेवून दिलं.

"तुले मालूमच नाई? अवं, तुह्या बाबानं त्या दिवशी साऱ्या फर्नेसले हसवलं. मणे, नमऱ्या हिंडत हिंडत भिलाईले आला. गेटवर गेला. काम पाह्यजे मणे. भरतीवाला बाबू मणे, अनुभव किती? तीन हजार साल. बरं, जनमतारीख सांग. आठवत नाई मणे, तवा कॅलेंडर नोतं. तं सांग, बाबूनं काय लिवलं असन?"

"पहिली जुलै," मी म्हटलं.

"हाव!" काका एवढ्या जोरात हसले की वाढपी वळून बघायला लागले. बाबा, गावाकडून आलेल्या ज्यांच्या जन्माची कुठेच नोंद नव्हती, त्या सगळ्यांना भरतीच्या वेळी हीच तारीख मिळाली होती. तुमच्या अर्ध्या गँगचा वाढदिवस एकाच दिवशी. तुमचाही.

"मंग लागला कामाले. खूश होता. भट्टी बी त्याच्यासारखीच ना, इझत नाई. आन् एक दिवस कागद आला. तुमचे साठ झाले. तो मणे, बाबू, मी तं मरत नाई. बाबू मणे, मरू नको ना भाऊ, तुले मराले कोण सांगून राहिलं? फकत उद्यापासून येऊ नको! हार घातले, शाल देली, ढोल वाजवत घरी पोचवला. ज्याले राक्षसानं पाडलं नाई त्याले एका कागदानं घरी बसवलं. आन् दुसऱ्या दिवशी सवयीनं पाचले जाग आली, उठून बसला, मंग याद आलं. तसाच आडवा झाला आन् आठ वाजेपर्यंत झोपला. तीन हजार सालात पह्यल्यांदा. खतम! आमी टाया वाजवल्या तं आमचा चार्जमन सायब पयत आला, का झालं मणून."

घरी येऊन मी ते प्रकरण तीन दिवसांत लिहिलं. माझ्या आयुष्यात इतक्या आनंदाने मी दुसरं काही लिहिलेलं नाही. नमऱ्या झोपतो आणि स्वयंपाकघरात कोणीतरी कपबश्यांचा आवाज होऊ नये म्हणून हळू चालतं, तेवढीच भर माझी. तुम्हाला स्वतःला ती आठ वाजेपर्यंतची झोप मिळाली नाही. त्याला दिलीत.

आत्ताच प्रकाशकांना ओळ पाठवून दिली. "शेवटचं प्रकरण माझ्या वडिलांनी रचलं, फर्नेसवर, चहाच्या सुट्टीत." एवढीच. आईला वाचून दाखवली तर म्हणाली, "त्यायले आवडलं असतं, पण दाखवलं नसतं."

पण बाबा, ती ओळही पूर्ण खरी नाही, तुम्ही रचलेलं एक मी गाळलंय, आणि हे मी आईलाही सांगितलेलं नाही. काकांनी जाता जाता आणखी एक सांगितलं होतं. भरतीच्या वेळी बाबू नमऱ्याला म्हणतो, तू मेल्यावर पैसे कोणाला द्यायचे, नॉमिनी सांग. तो म्हणतो, मी मरतच नाही. बाबू म्हणतो, रकाना खाली सोडता येत नाही. मग नमऱ्या विचार करून म्हणतो, "सेक्टर दोनमंदी एक पोरगी हाये, बारावीत शिकते. तिचं नाव लिवा. मले तिनंच जितं ठेवलं."

पुस्तकातला बाबू हा प्रश्न विचारत नाही. तिसऱ्या आवृत्तीतही विचारणार नाही; ते उत्तर माझ्यापुरतं आहे.