मामंजींचा सातवा मजला

वेलचेरी, चेन्नई
१८ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. दिवाळीचा चिवडा पोचला. अर्धा डबा विश्वेशने दिवाळीआधीच फस्त केला! भाऊजींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. आम्ही बरे आहोत. बरे म्हणजे हातपाय चालताहेत, डोकं मात्र कालपासून बधिर झालंय.

तुला फोनवर सांगितलं होतं ना, आमच्या मागच्या मोकळ्या जमिनीवर चौदा मजली टॉवर येणार म्हणून? अगं, पाऊस पडला की अख्ख्या गल्लीचं पाणी तिथेच जाऊन साठतं. तिथे भराव घातला की ते जाणार कुठे? आमच्या घरांत! शेजारच्या वाणीचं तर एका खोलीचं घर, तेही रस्त्याच्या खाली. पोरांना घेऊन ती कुठे पळणार? म्हणून मीच कंबर कसली. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये घरोघर फिरले. बायका माझ्या बोलण्याला हसायच्या, पण येतो म्हणायच्या.

काल टॉवरच्या परवानगीवर सुनावणी होती. गल्लीतले सगळ्यांत जुने रहिवासी म्हणजे आमचे मामंजी. त्यांनी उठून 'इथे पाणी येतं' एवढंच सांगायचं, असं मी पढवून ठेवलं होतं.

मामंजी उठले. तमिळमध्ये शांतपणे म्हणाले, "पाणी येतं. घरात येतं. म्हणूनच मी माझं घर बिल्डरला दिलंय, त्याच्या रस्त्यासाठी. बदल्यात मला सातवा मजला मिळणार आहे."

ताई, विश्वेशकडे बघितलं तर तो पांढराफटक. पोटचा मुलगा, पण त्यालाही पत्ता नव्हता! राहतं घर, न विचारता, न सांगता! घर त्यांच्या नावावर आहे, कबूल. पण मी त्याच घराच्या दारात उभी राहून लोक जमवले होते गं. वाणी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तिला फसवलं.

घरी येऊन मी तोंड सोडलं. विश्वेश नुसता 'जाऊ दे, जाऊ दे' करत होता. मी म्हटलं, "मामंजी, तुम्हाला पाण्याची भीती कधीपासून? तुम्ही तर पावसात गाडी राखत बसता!" इथे पावसाचा इशारा आला की लोक गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात, बुडू नयेत म्हणून. मामंजी गाडीबरोबर जातात आणि पाणी ओसरेपर्यंत तिच्यातच बसून राहतात. जेवणाचा डबासुद्धा तिथे पोचवायचा. मुलापेक्षा गाडी लाडकी म्हणून आम्ही किती थट्टा केली त्यांची!

ते आपल्या तंजावरी मराठीत म्हणाले, "गाडीसाठी कोण जातो गं? मज घरात बसाय भय वाटतं."

म्हणजे गाडी नुसतं निमित्त होतं!

ताई, तुम्हा माहेरच्यांना एक गोष्ट कधी सांगितलीच नाही. सासूबाई २०१५च्या मोठ्या पुरात हृदय बंद पडून गेल्या, एवढंच कळवलं होतं. बोट आली ती दुसऱ्या दिवशी. जिना बाहेरून, पाण्याला ओढ, त्यांचा देह गच्चीवर नेता येईना. म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. मामंजी मांडीभर पाण्यात ते टेबल धरून उभे होते, तरंगत जाऊ नये म्हणून. आम्ही आलटूनपालटून वर जायचो, ते हलले नाहीत. नंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. मला वाटलं, विसरले असतील. कसले विसरतात!

आता जे लिहायला धजत नव्हते ते लिहिते. काल सुनावणीत मामंजी बोलून खाली बसले, तेव्हा अधिकाऱ्याने मला विचारलं, "अम्मा, तुमची हरकत कायम?" सगळे माझ्याकडे बघत होते. मामंजीही.

मी म्हटलं, "कायम."

आज सकाळी त्यांनी मला हाक मारली. वाटलं, आता रागावणार. पण म्हणाले, "तू बोललीस ते बरोबर. मागे घेऊ नको. वाणीची पोरं बुडतील." मग माझा हात धरला आणि विचारलं, "पण मी कुठं जाऊ, ते सांग."



त्यांच्याविरुद्ध उभी राहिलेली, त्यांचीच सून,
तुझी शर्मिष्ठा