पत्त्यामागचं शेपूट

नाबूल, ४ एप्रिल

जलीलाताईस सलाम.

इकडे सगळे बरे. दाजींचा गुडघा कसा आहे? फुलांचा हंगाम ऐन भरात आहे. अंगणभर चादरींवर कडू संत्र्याची फुलं पसरली आहेत आणि अर्काची भट्टी दिवसभर पेटलेली असते.

आता मुद्द्याचं. इंटरनेटच्या पत्त्यांना आपल्या लिपीत, आपल्या देशाच्या नावाचं नवं शेपूट निघालंय, हे तुला मी सांगायला नकोच. जुन्या दुकानदारांना आपापलं नाव घ्यायला दोन महिने आधी हक्क होता. मी म्हटलं, आपला जुना पत्ता नीट चालतोय, हवंय कशाला हे लचांड? आता गिऱ्हाइकं फोन करून विचारतात, "अहो, देशाच्या नावाचा पत्ता तुमचा नाही? मग अस्सल 'अम्मार यांची भट्टी' कुठली?" परवा नाव नोंदवायला गेलो, तर आपल्या दुकानाचं 'अम्मार यांची भट्टी' हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं! कुणी, ते सांगेनात. मी तिथेच तक्रार लिहून दिली.

त्या मुदतीत नाव घ्यायला दुकानाचा जुना दाखला लागतो. त्याच्या प्रती दोनच. एक माझ्या कपाटात, दुसरी बाबांनी तुला दिलेली. मी दुधखुळा नाही, ताई. सूड घ्यायचा तर समोर येऊन घे.

कसला सूड, असं दाजी विचारतील. त्यांना सांगू नकोस. सहा वर्षांपूर्वी "परवान्याचं काम आहे, सही कर" म्हणून मी जो कागद पुढे केला, तो परवान्याचा नव्हता. तू दुकानातला हिस्सा सोडल्याचा होता. हे आज पहिल्यांदाच लिहितोय. पहिल्या अर्काची बाटली लेकीच्या घरी पोहोचल्याशिवाय विक्री सुरू करायची नाही, ही बाबांची रीत. तीही मी तेव्हापासून मोडली. कुठल्या तोंडाने पाठवणार होतो?

५ एप्रिल

पाकीट चिकटवणार, तेवढ्यात नोंदणीच्या कचेरीतल्या बाईंचा फोन आला.

"तिजानीसाहेब, तक्रार कुणाविरुद्ध करताय? मालक तुम्हीच आहात."

"मी?"

"तुमच्या बहिणीने सगळं तुमच्या नावाने भरलंय. आम्ही दोनदा पत्र पाठवलं. त्या म्हणाल्याच होत्या, आमचा भाऊ कागद न वाचताच फेकतो."

दोन्ही पाकिटं रद्दीत सापडली, न फोडलेली. आधी वाटलं, यातही तुझा काहीतरी डाव असणार. लाज वाटते सांगायला, पण तेच वाटलं.

मग आठवलं. तू औषधाच्या डबीतली चिठ्ठीसुद्धा शेवटपर्यंत वाचतेस. त्या दिवशीही चष्मा लावून दोन्ही पानं वाचलीस आणि मगच सही केलीस. मी समोर बसून चहा पीत होतो.

तुला तेव्हाच ठाऊक होतं, ताई.

पहिली बाटली बाजूला काढली आहे, उद्याच्या गाडीने पाठवतो. पोहोचल्याचं कळवेपर्यंत विक्री बंद. सोबत तुझा हिस्सा परत करण्याचा कागद आहे. माझी सही केली आहे. या वेळी मी दोनदा वाचला.

जो कागद तुला वाचून दाखवायला हवा होता, तो गप्प बसून तुझ्यापुढे सरकवणारा,
तुझाच भाऊ
तिजानी