एकशे बाराव्या भागातली घंटा

३ मार्च, सोमवार

दारात तीन माणसं. वेळ ठरवलेली नाही, फोन नाही, हातात बिस्किटांचा पुडा. कोण? तर म्हणे ‘घंटेआधी’चे चाहते! तो प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम बंद पडून पंचवीस वर्षं झाली, तो दाखवणारं चॅनेलसुद्धा राहिलं नाही, आणि यांचं अजून चालूच. एक औषधांच्या दुकानाचा मालक, एक लिफ्ट दुरुस्त करणारा, एक शाळेत भूमिती शिकवणारी बाई. धडधाकट, कमावती, लग्न झालेली माणसं ही!

“काकू, तुम्हीच ना घंटेच्या बाई?” घंटेच्या बाई! अकरा वर्षं प्लायवूडच्या आडोशामागे बसून स्पर्धकांचे तीस सेकंद मोजले. हातात स्टॉपवॉच, बोट बटणावर. काटा तिसावर आला की दाबायचं, घंटा वाजली की उत्तर बंद. मोठमोठे निवेदक चुकले, दिग्दर्शक चुकले, मी नाही. आणि त्याचं या लोकांनी केलं काय, तर घंटेच्या बाई.

आमचे हे आतून आलेच लगेच. चाहते म्हटल्यावर यांना कुठला धीर! “मी एकशे बाराव्या भागाचा विजेता!” आणि बोटं वर, तीन. भूमितीबाईने तर यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मग लिफ्टवाला माझ्याकडे वळून म्हणाला, “काकू, आम्हाला त्या एकशे बाराव्या भागातल्या घंटेबद्दलच विचारायचंय.”

मी गॅसवर दूध आहे म्हणाले आणि आत गेले. दूध नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

त्या तिघांचा तीनदा फोन. उचलला नाही.

६ मार्च, गुरुवार

कुणाला सांगितलेलं नाही. वहीला सांगते, वही टाळ्या तरी वाजवत नाही.

त्या एकशे बाराव्या भागाच्या वेळी हे कोण, मला ठाऊकही नव्हतं. टपाल कचेरीतला एक कारकून. शर्टाचं वरचं बटण धाग्यावर लोंबतंय, कान लालबुंद. प्रश्न – ऑक्टोपसला हृदयं किती? आणि हा माणूस छताकडे बघतोय! काटा पंचविसावर, अठ्ठाविसावर, तिसावर. माझं बोट बटणावरच होतं. दाबलं नाही. का, ते आजही सांगता येणार नाही. त्या लोंबत्या बटणाची कीव आली म्हणा. एक, दोन, तीन... चौथ्याला हे ओरडले, “तीन!” आणि मग मी दाबलं.

महिन्याभराने हे स्टुडिओत सगळ्यांचे आभार मानायला आले. वर्षभरात आमचं लग्न. बक्षिसात मिळालेलं जेवणाचं टेबल घरात आलं, आठ खुर्च्यांचं. तेव्हापासून उंबरठा ओलांडेल त्याला ती गोष्ट. “अगदी शेवटच्या क्षणाला बरं का, पण घंटेच्या आधी!” वीजबिलवाल्याला सांगून झालं, दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगून झालं. मी शेजारी बसून हसायचं. तेहतीस वर्षं हा माणूस माझ्या चोरलेल्या चार सेकंदांवर मिरवतोय! जीव नाही यांच्यावर असं नाही. आजारपणात यांनी माझं सगळं केलंय. पण ती तीन बोटं वर गेली की मला यांची किळस येते. आली तर आली, खोटं कशाला लिहू?

आता हे तिघे त्या घंटेची चौकशी करत आलेत. आमच्या यांना कळलं तर? ना बढती मिळाली, ना कुठे नाव झालं. जन्मात एकच गोष्ट जिंकली या माणसाने. तीही गेली तर हे कशाच्या आधाराने जगतील?

९ मार्च, रविवार

माझ्या नकळत यांनी त्या तिघांना पुन्हा बोलावलं. दोन तास! मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गॅलरीत, कान आत.

काय काय माहीत आहे या लोकांना! निवेदकाच्या कोटावरचं प्लॅस्टिकचं फूल. अठ्ठावन्नाव्या भागापासून त्याची एक पाकळी गायब, त्यावरून म्हणे कुठली टेप आधीची नि कुठली नंतरची ते ओळखता येतं. सत्त्याहत्तराव्या भागात बक्षिसाचं दोन नंबरचं दार आपोआप उघडलं आणि मागे सुतार सँडविच खाताना दिसला. त्या सुताराचा वाढदिवस काढलाय यांनी शोधून! निवेदक अकरा वर्षांत एकदाही डाव्या हाताने बक्षीस देत नाही. त्यावर औषधवाला आणि भूमितीबाई हातघाईवर आले. ती म्हणे दोनशे तिसाव्यात दिलं, तो म्हणे तो हात उजवाच, टेप उलटी लागली होती. देवाने बुद्धी दिली ती यासाठी? या औषधवाल्याच्या हातून लोक गोळ्या घेतात, त्यांचं काय होत असेल?

येत्या रविवारी चाहत्यांचं संमेलन, भूमितीबाईच्या शाळेत. मोठ्या पडद्यावर एकशे बारावा भाग दाखवणार, आणि हे प्रमुख पाहुणे. “तुलाही बोलावलंय गं,” हे म्हणाले. “घंटेबद्दल काहीतरी शोध लावलाय त्यांनी. तिथेच जाहीर करणार आहेत.”

१२ मार्च, बुधवार

यांनी शर्टाला दोनदा इस्त्री केली. संमेलन रविवारी आहे!

१४ मार्च, शुक्रवार

मी लिफ्टवाल्याला गाठायला गेले. तो एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, मोटारीच्या खोलीत. लिफ्ट अर्थातच बंद. म्हणजे या वयात नऊ मजले पायी! वर पोचले तेव्हा बोलायलाही दम नव्हता. त्याने फडक्याने हात पुसले, स्टूल दिलं, पाणी दिलं.

म्हटलं, “तो भाग दाखवू नका.”

“का काकू? तोच तर मुख्य आहे.”

“त्यात घंटा चुकली, हेच ना तुमचं म्हणणं? चुकली. माझ्या हातून चुकली. यांना चारचौघांत मध्ये ओढू नका.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “चुकली? काकू, तेवढी एकच तर बरोबर वाजलीय!”

मग सांगितलं त्याने. लोकांनी घरी टेप करून ठेवलेले दोनशे चौदा भाग या चाहत्यांकडे आहेत. प्रत्येकातला वेळ मोजला. दोनशे तेरा भागांत घंटा सव्विसाव्या सेकंदाला. फक्त एकशे बाराव्यात पुरे तीस. “आम्हाला वाटायचं, वरच्यांनी मुद्दाम चार सेकंद कापले असतील. मग त्याच दिवशी का नाही कापले? तेवढंच विचारायचं होतं.”

मी म्हटलं, टेपा जुन्या, पळत असतील. तर म्हणाला, “सेटच्या मागच्या काचेतून कंट्रोल रूममधलं घड्याळ दिसतं ना काकू, थोडंसं, कोपऱ्यात. त्याचाही सेकंदकाटा सव्वीसच घरं जातो.”

ते घड्याळ मी अकरा वर्षं पाहिलं. या कामासाठी एकदाही नाही. नऊ मजले कशी उतरले आठवत नाही.

१५ मार्च, शनिवार

हे केस कापायला गेल्यावर कपाटातून माझं तेच जुनं स्टॉपवॉच काढलं. मोबाईलशेजारी ठेवून दोन्ही एकदम सुरू केली. स्टॉपवॉचचा काटा तिसावर, मोबाईलवर सव्वीस. पाच वेळा केलं. पाचही वेळा सव्वीस. आता म्हातारं होऊन बिघडलं म्हणावं, तर टेपा काय सांगतात? पहिल्या दिवसापासून ते पळतच होतं. मी कधी कुठल्याही घड्याळाशी लावून पाहिलं नाही. लोकांनी आपली घड्याळं माझ्याशी लावावीत, हा माझा तोरा!

दुपारी औषधवाल्याला फोन केला. म्हटलं, घंटेनंतर लगेच बरोबर उत्तर दिलेले किती? याच्याकडे यादी असणारच. होती. एकेचाळीस जण. एक शिवणकाम करणारी बाई मला स्वतःला आठवते. डोळे पुसत बाहेर चालली होती, आणि मी आडोशामागून मान काढून तिला म्हटलं होतं, “ताई, वेळ म्हणजे वेळ.”

आणि हे जिंकले होते. खरोखर जिंकले होते! इतक्या माणसांत एकट्या यांनाच पुरा वेळ मिळाला, तोही मी लबाडी करायला गेले म्हणून. तेहतीस वर्षं मी ज्याला नाकं मुरडली ते खरं होतं. खोटी मीच होते.

यांना काही सांगायची गरजच नाही आता. उलट बरंच झालं.

१६ मार्च, रविवार

शाळेच्या सभागृहात सत्तरेक माणसं. सत्तर! पडद्यावर यांचे लाल कान एवढे मोठे. यांनी “तीन!” म्हटल्यावर अख्खं सभागृह “तीन!” म्हणून ओरडलं. वेड लागलेली माणसं. मग लिफ्टवाल्याने माईकवर जाहीर केलं – सगळ्या भागांत सव्वीस सेकंद, फक्त यांच्याच वेळी तीस, आणि ही एकमेव अचूक घंटा आपल्या घंटेच्या बाईंची! लोक उभे राहिले. मला फुलं दिली. मला! त्यांच्यात त्या एकेचाळिसांपैकी कुणी नव्हतं म्हणून बरं.

हे टाळ्या वाजवायला लागले आणि मध्येच थांबले. घरी आल्यावर न जेवताच आडवे झाले. दमले असतील.

१७ मार्च, सोमवार

सकाळी चहा पुढे ठेवला. हे म्हणाले, “सगळ्यांना सव्वीस. मग मलाच तीस कसे गं? घड्याळ तर तेच होतं.” मी ज्यांना सरळ वजाबाकी येत नाही असं समजत आले, त्यांनी रात्रीतून बरोबर मांडलं होतं. सांगितलं मग. बोट कसं थांबवलं ते सांगितलं.

“म्हणजे तुझ्या लेखी मी हरलेलोच होतो.”

“हो.”

“आणि इतकी वर्षं मी सांगायचो तेव्हा तू शेजारी बसून...”

वाक्य पुरं केलं नाही. नाही म्हणता आलं असतं मला. मी हो म्हणाले.