धावून झाल्यावरचा दम

धामापूर, ता. ११ नोव्हेंबर २०२४

चि. अक्षया हिस आईचे अ. उ. आ.

तुमच्या खेळाच्या हॉस्टेलात मोबाईल चालत नाही, म्हणून ही पत्रांची कसरत. तुला धावणं शिकवणाऱ्या मॅडमचा फोन आला होता. सराव संपल्यावर तू मैदानात बसून खोकत होतीस, धड बोलताही येत नव्हतं म्हणे. आणि लहानपणी तुला दमा होता, हे तू त्यांना सांगितलंच नव्हतंस. काय करावं गो तुला?

बाबांनी दुकानातूनच फर्मान काढलंय. माका चेडू जिता व्हया, पदक नको, एवढं एकच पालुपद. पोरीच्या जिवाची धास्तीच घेतलीय त्यांनी. २४ तारखेच्या रविवारी तुला घ्यायला येताहेत. धावणं बंद, कुडाळच्या कॉलेजात नाव घालायचं. मला विचारशील तर बुद्धिबळ काय वाईट? बसल्या जागी खेळतात.

जेवत जा. रागावले तरी आईच आहे.
नर्मदा

सावंतवाडी, ता. १६ नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

बुद्धिबळ वाचून उशीत तोंड खुपसून ओरडले. दम्याचं सांगितलं असतं तर मला इथे घेतलंच नसतं, आणि मलाही वाटलं होतं की तो गेला.

धावताना मला काहीच होत नाही. थांबल्यावर थोड्या वेळाने छाती आवळते, आतून शिट्टी वाजते. म्हणून मुली म्हणतात, हरली की नाटक करते. मॅडम मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी आधी नळीत फुंकायला लावलं, मग फिरत्या पट्ट्यावर दमेपर्यंत पळवलं आणि थांबवून पुन्हा पुन्हा फुंकायला लावलं. फुंकण्याच्या जोराचा आकडा घसरत गेला. दम्याचा पंप तोंडाने ओढायला दिल्यावर वर आला.

ते म्हणाले, जोरात पळताना तोंडाने भराभर गार, कोरडी हवा आत जाते. श्वासनळ्या सुकतात आणि दमेकऱ्याच्या नळ्या तेवढ्यानेही आकसतात. यात नाटक नाही. रोजचं औषध चुकवायचं नाही, धावण्याच्या थोडं आधी पंप घ्यायचा, अंग हळूहळू गरम करायचं. धावणं सोडायची गरज नाही. पंपाची सवय लागते हे बाबांचं नेहमीचं म्हणणंही त्यांनी खोडून काढलं.

त्याच रविवारी, २४ तारखेला, जिल्ह्याची निवड आहे. बाबांना न्यायचंच असेल तर शर्यत झाल्यावर न्यावं.

तुझी, राग आणि माया दोन्ही धरून,
अक्षया

धामापूर, ता. २६ नोव्हेंबर

चि. अक्षयास अ. आ.

बाबा एकटेच परतले तेव्हा मी त्यांना दारातच गाठलं. नीट सांगतील तर शपथ. आधी चहा, मग आंघोळ, मग गिऱ्हाईक. शेवटी कळलं ते असं. सगळ्यांसमोर तू पंप ओढलास तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणून ते तोंड फिरवून उभे राहिले. शर्यत झाल्यावर मात्र तुझ्याजवळून हलले नाहीत. आता दम लागेल, मग लागेल, म्हणून नुसते तुझ्याकडे बघत राहिले. थोडा खोकला आला आणि थांबला.

तिसरी आलीस, आणि निवड दोघींचीच झाली, हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. मी चडफडले. म्हटलं, निवड नाही, तर मग पोरीला आणलं का नाही? कपडे भरायची पिशवी घेऊन गेला होतात ना?

त्यावर म्हणाले, आपला चेडू हरला तरी रडाक नाय. मॅडमांका उद्याच्या सरावाची येळ इचारी होता. तेका कसा आणू?

आता दुकानात कोणी खोकलं की त्याला उभं करून श्वासनळ्या समजावतात. मी कंटाळले आहे.

औषध चुकवू नकोस. माया आहेच, ती वेगळी काय लिहू.
तुझी आई