पांढऱ्यावरची राखाडी अक्षरं

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू मला शांत हो म्हणतोस, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. कागदावर मला मधेच तोडता येत नाही.

आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलने तारखा देणारी खिडकी बंद केली, फोनही बंद केला. तारीख वेबसाइटवर घ्यायची म्हणे. बघ ती एकदा! पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. मोठी करावीत, तर तारखांचा तक्ताच पडद्याबाहेर पळतो. चाचपडत शेवटाला पोचावं, तर वेळ संपली, पुन्हा पहिल्यापासून. स्वतः गेले, तर दारावरच्या माणसाने साइटचा पत्ता छापलेला कागद हातात ठेवला. शेवटी शेजारणीने तारीख मिळवून दिली, पण तोवर डोळ्यातल्या इंजेक्शनची वेळ टळली होती. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यात रक्त उतरलंय, गेलेली नजर परत येणार नाही.

आज ब्लाउज बेतायला घेतला आणि खडूची रेघ मधेच नाहीशी झाली. कात्री खाली ठेवली. तू वेबसाइट बनवतोस ना? मग सांग, डोळ्यांच्या हॉस्पिटलात कोण येतं असं वाटतं या लोकांना?

माया आहेच, आज रागाखाली दबली आहे एवढंच.
तुझी ताई

११ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. एवढ्या जाड अक्षरांत शिव्या पहिल्यांदाच वाचल्या. मीही हे मोठ्या अक्षरांत छापून पाठवतोय.

साइट बघून तळपायाची आग मस्तकात गेली. अक्षरं गडद करायची, मोठी केली तरी तक्ता पडद्यात बसवायचा, वेळेची मर्यादा काढायची. यात अवघड काहीच नाही. तसं हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की साइटच्या देखणेपणाचं सगळीकडे कौतुक होतंय आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासोबत घरचं कुणीतरी असतंच. मग फोनवर कडाकडा भांडलो, तेव्हा कुठे संचालकांची भेट मिळाली.

मी येतो. त्यांना धुरकट चष्मे घालून साइट वापरायला लावू. तोवर तुझ्या तारखा मी इथून घेत जाईन.

रागातही माझ्यावरचा लोभ तेवढा राख.
तुझा धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चष्मेबिष्मे काही नकोत. घटकाभर घालतील, काढून ठेवतील आणि सगळं समजलं म्हणून मिरवतील. आणि माझ्या तारखा तू घेणार? तू आजारी पडलास तर मी काय करायचं? उभा जन्म लोकांची मापं घेऊन पोट भरलंय मी. मला सोबत नको, वाचता येतील अशी अक्षरं हवीत.

तू येऊही नकोस. तू असलास की ते तुझ्याशीच बोलतील.

बोलले म्हणून रुसू नकोस, हक्काचा आहेस.
तुझी ताई

२८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

नुसतं ‘बरं’ लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. रुसलासच!

काल संचालकांच्या भेटीला एकटीच जाऊन आले. त्यांच्याच कॉम्प्युटरसमोर बसले आणि म्हटलं, माझी पुढची तारीख घेते, तुम्ही बघा. नाक पडद्याला लावून एकेक अक्षर हुडकत होते. तक्ता पळाला तेव्हा व्यवस्थापकांना राहवलं नाही, त्यांनी माउसला हात घातला. मी तो बाजूला सारला. म्हटलं, हा हात माझ्या घरी नसतो. तेवढ्यात वेळ संपली.

संचालक म्हणाले, साइट लगेच दुरुस्त करू. मी उठले नाही. म्हटलं, फोन आजच सुरू करा, आणि ज्यांची इंजेक्शनं हुकली त्या प्रत्येकाला तुम्ही होऊन फोन करा. व्यवस्थापक म्हणाले, मग चूक कबूल केल्यासारखं होईल. मी म्हटलं, होऊ दे. मग संचालकांनीच रिसीव्हर उचलून फोन सुरू करायला सांगितला.

आता रुसवा सोड आणि चार ओळी लिही.
तुझी ताई

५ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

साइट तपासून तू कळवलंस ते खरं आहे. अक्षरं काळीभोर झालीत, तक्ता जागेवर थांबतो. कालची तारीख मी माझी मी घेतली.

हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी एक निवृत्त ड्रायव्हर बसले होते. त्यांना हॉस्पिटलचा फोन आला, पण तोवर त्यांचा डोळा गेला होता. तरी ते हॉस्पिटलचे गुण गात होते. एवढी मोठी माणसं, पण आठवणीने फोन केला म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना सगळं सांगितलं, साइटपायी इंजेक्शनं कशी हुकली ते आणि फोन का आला तेही.

ते बाकावरून उठले. मग संचालकांची खोली कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. त्यांना दाराची पाटी दिसणार नव्हती. मी माझा नंबर सोडून उठले आणि भिंतीला हात लावत आम्ही दोघं गेलो.

पुढचं भेटलास की सांगेन. तब्येत सांभाळ, माया आहेच.
तुझी ताई