किनवटला कोण सांगतंय?

३ डिसेंबर, बुधवार
साखळी स्पर्धा परवापासून. पेपरात आपल्या कॉलेजचा फोटो, वर मथळा 'ताऱ्यांचा संघ'. खोटं काय त्यात? चौदा पोरींपैकी सात राज्यावर खेळलेल्या. पिचर ऋतुजा माझ्या लातूर जिल्ह्याची, दोन नॅशनल. कॅचर लावण्या (वहीत नुसतं ला.) धर्माबादची, तिच्यासारखे हात मी वीस वर्षांत पाहिले नाहीत. एकेकीच्या घरी जाऊन, आईबापांना पटवून आणल्या आहेत. मराठवाड्यात बेसबॉलला एवढं कोण करतं?

खुणांचं आज जमवलं. पुढचा चेंडू कसा टाकायचा ते कॅचर पिचरला बोटांनी सांगते, आणि त्या खुणा दुसऱ्या बेसवर उभी समोरच्यांची पोरगी चोरते, दरवर्षीची कटकट. म्हटलं, बोटं बंद. ला.नं सरळ ओरडून सांगायचं, पण तेलुगूत. मेल्लगा म्हणजे हळू, गट्टिगा म्हणजे जोरात, बयटिकी म्हणजे बाहेर. ऋतुजानं तासाभरात पाठ केलं. मी औशाचा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे कोणालाच कळणार नाही. ला. मध्येच काहीतरी शंका काढत होती. म्हटलं, शंका घरी ठेव.

५ डिसेंबर, शुक्र
हरलो. किनवटकडून! २-७.
वसतिगृहाच्या पोरी. निम्म्यांचे बूट वेगळे, ग्लोव्ह मागून आणलेले. पहिली इनिंग भेदरल्यासारख्या खेळल्या. नंतर काय झालं देव जाणे, ऋतुजाचा हळू चेंडू यायच्या आधीच त्या थांबून उभ्या. बाहेरचा टाकला की बॅटच हलवत नव्हत्या. मी कागदावर टिपत होतो. हळू चेंडू सात टाकले, सातही मारले.
नशीब एकदा असतं, दोनदा असतं. सात वेळा नसतं. पाणी कुठंतरी मुरतंय.
संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा फोन. "सर, तारे दिवसा दिसत नसतात का?" वर खो खो हसले. बेइज्जती.

८ डिसेंबर, सोम
लातूर. ९-१ नं जिंकलो. त्यांच्या पोरी बावचळून गेल्या, ला. काय ओरडते ते शेवटपर्यंत कळलं नाही.
येताना बसमध्ये सगळ्या गाणी म्हणत होत्या. मी पुढच्या सीटवर विचार करत बसलो. तीच पिचर, तीच कॅचर, तेच शब्द. लातूरला चालतं आणि किनवटला काहून चालत नाही?

९ डिसेंबर, मंगळ
आठवलं. शुक्रवारी मॅचनंतर किनवटच्या संघाला सोडायला स्टेशनवर गेलो, तेव्हा ला. त्यांच्या पोरींच्यात बसून जेवत होती. त्यांच्या डब्यातलं. खिदळत होती. हरल्यावर कोणाला हसू येतं?
ऋतुजाला सहज विचारलं. म्हणाली, "सर, तिची मावशी राहते ना किनवटला."
सहज विचारलं आणि केवढं मिळालं! मावशी किनवटला आहे, लातूरला कोणी नाही. म्हणून लातूरला खबर पोचली नाही.
घरी बायकोला, सुमनला सांगितलं. ती पेपर तपासत होती, मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला कॉलेजातले शिपाईसुद्धा हेर वाटतात." हिला खेळातलं काय कळतंय.
पण ला.नं असं का करावं? पोलीस भरतीसाठी राज्याचं प्रमाणपत्र हवंय तिला. कॉलेजचं शेवटचं वर्ष. राज्य संघाच्या निवड चाचणीला नाव मीच पाठवणार. माझ्याशी दगा करून हिचा काय फायदा? तेवढंच जुळत नाही.

१२ डिसेंबर, शुक्र
जुळलं. कारण नाही, पण पुरावा मिळाला.
देगलूरशी मॅच होती. सकाळी साडेसातला ला. आणि ऋतुजाला बाजूला घेतलं, म्हटलं सगळे शब्द बदला. ला.नं तेलुगूतलेच दुसरे काढून दिले. हे तिघांशिवाय कोणाला माहीत नाही. नऊला मॅच सुरू. पहिल्याच चेंडूपासून देगलूरवाल्यांना सगळं ठाऊक! दीड तासात खबर गेली. ३-८.
डोकं फिरलं. लिंबाखाली सगळ्या गोळा झाल्या होत्या, तिथंच बोललो. "घरचा भेदी कोण ते मला कळलंय. लावण्या, किट ठेव इथं."
"सर, मी काहून सांगेन?"
"ते तुलाच माहीत."
तिनं मास्क काढला, पॅड सोडले, नीट घडी घालून ठेवले आणि फाटकाकडे गेली. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.
चाचणीच्या यादीतून नाव कापलं. यादी पाठवली.

१५ डिसेंबर, सोम
किनवट. त्यांच्या मैदानावर परतीची मॅच. ला. नाही, नवी कॅचर. देगलूरच्या वेळी बदललेले तेलुगू शब्द ती अडखळत ओरडत होती. मी निवांत होतो.
पहिल्या इनिंगमध्ये त्यांचे पाच रन. पाच!
ला. तर धर्माबादला, मग आता कोण सांगतंय? ऋतुजा? हीच मावशीचं नाव घेऊन मोकळी झाली होती. लातूरविरुद्ध आम्हाला जिंकून दिलं ते नुसतं दाखवायला असेल. स्कोअरर पण किनवटचाच. दोन इनिंग मी खेळ पाहिलाच नाही, माणसं पाहत बसलो.
१-९.

चहाला त्यांच्या मडावी मॅडम आल्या. वसतिगृह त्याच सांभाळतात, संघही त्याच. म्हणाल्या, "सर, राग नका मानू, एक विचारू? तुमच्या पोरी तेलुगूत काहून ओरडून राहिल्या?"
मी कप उचलला.
"आमच्या पोरींचा बाजारहाट शिवेपलीकडं आदिलाबादला. समद्यांना येतं की तेलुगू. हळू म्हनलं की हळूच येतो चेंडू! पहिल्या मॅचला आम्हाला वाटलं, एवढे मोठे सर, हे काहीतरी डाव करून राहिले. म्हणून एक इनिंग भीत भीत खेळलो."
"आणि देगलूर?"
"तिथं तर घरात बोलतेत, सर."
चहा हातातच राहिला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

गाडीत ऋतुजा शेजारी येऊन बसली. "सर, तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिकडच्या पोरींना कळतं म्हणून. तुम्ही बोलूच दिलं नाही."
घरी येऊन ही वही मागं उलटली. आहे, तीन तारखेला. माझ्याच अक्षरात आहे.

१६ डिसेंबर, मंगळ
धर्माबाद. स्टेशनपासून मिरचीच्या खकाण्यानं शिंका. ला.चे वडील अडतीवर हमाल आहेत. मला पाहून पोतं टाकून धावत आले, हात जोडले. "सर, तुम्ही आपल्या गावात! पोरीचा गुडघा दुखतो म्हणून आली, आता बरी हाय. धाडतो." गुडघा. घरी तिनं काहीच सांगितलं नव्हतं.
घरी चहा झाला. बापासमोर माझं तोंड उघडेना. निघताना ती फाटकापर्यंत आली. तिथं म्हणालो, "लावण्या, माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं."
तिनं फाटकाची कडी काढली. मग हळू आवाजात, "सर, चोर म्हणताना सगळ्या होत्या. चूक झाली म्हणताना मी एकटीच?"
वर "सांभाळून जा सर" असंही म्हणाली.
परतीच्या गाडीत मी स्वतःला बरंच समजावलं. पोरगी तोंडाळ आहे, वयाचा मान नाही, वगैरे. बासरच्या देवीला जाऊन आलेल्या बायका प्रसाद वाटत होत्या, मी घेतला नाही.

१८ डिसेंबर, गुरु
चाचणी उद्या, आपल्याच मैदानावर. यादीत नाव वाढवायचं तर लेखी कारण पाहिजे, माझ्या सहीनं.
लिहिलं, 'गैरसमजातून नाव वगळले गेले.' सुमननं वाचलं. "कोणाचा गैरसमज? आणि वगळले गेले म्हणजे आपोआप गेलं का ते?"
फाडलं. दुसरं लिहिलं. 'मी खेळाडूवर खोटा आळ घेतला व नाव कापले. चूक माझी आहे.' संघटनेच्या सेक्रेटरींनी चष्मा काढून दोनदा वाचलं. "हे फाईलला राहतं बरं सर." म्हटलं, राहू द्या. म्हणाले, मुलगी आठला हजर पाहिजे, नाहीतर नाव पुन्हा बाद.

संध्याकाळी ग्रुपवर टाकलं. 'उद्या सातला सगळ्यांनी लिंबाखाली या. लावण्यानंही यावं, तिचं नाव यादीत आहे. मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे.'
तेरा जणींचं 'हो सर' आलं. ला.नं वाचलंय. उत्तर नाही.
अजून एक शंका येऊन राहिली, सवयच ती. वाटतं, ती मुद्दाम येणार नाही, मला तोंडघशी पाडायला. मग वाटतं, खरं तर तिनं न आलेलंच मला सोयीचं आहे, म्हणून असं सुचतंय.
ती आली नाही तरी बोलणार आहे. ती समोर उभी राहिली तर तोंडातून शब्द फुटेल का, तेवढं माहीत नाही.