शिपायांचे डोळे

३ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

सोबत बारा शिपाई आहेत, पटावरच्या खेळाचे. नेहमीप्रमाणे तुझ्याकडच्या दुकानात पोचव. डोळे रंगवताना हात जरा अडखळला. नवा ब्रश भिकार निघाला. आई म्हणते, ब्रशला नावं ठेवण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. खोकला गेला का?

माया ठेव.
बाबा

१४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शिपाई पोचवले. दुकानदार म्हणाला, अंगठ्याच्या पेराएवढ्या पुतळ्याला असे जिवंत डोळे दुसऱ्या कोणाला जमत नाहीत. खोकला गेला. ब्रशचं राहू द्या, एकदा डॉक्टरांना हात दाखवून या. आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी

२९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

परवा एक खेळाडू पत्ता शोधत घरी आला. त्याने दुकानातून घेतलेल्या माझ्या शिपायाचा भाला तुटला होता. शिपाई भिंगाखाली धरला आणि बघतच राहिलो. माझे शिपाई समोर बघतात. हा जरा खाली बघत होता. सात वर्षांची असताना तू पहिला शिपाई रंगवलास, तोही असाच बघायचा. मी हसलो, तू रुसलीस.

माझ्या शिपायांचे डोळे किती दिवस पुसून रंगवते आहेस? रागावलो नाही. डोळे सुरेख आहेत. पण तो खेळाडू मला म्हणाला, "तुमचा हात अजून तसाच आहे," आणि मी त्याचे आभार मानले.

बाबा

६ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या वर्षापासून. आधी एकाचाच डोळा गालावर ओघळला होता, तेवढाच पुसला. मग सगळेच पुसावे लागले. तुमच्यासारखं काढायला शिकले, वाटलं साधलं. डॉक्टर काय म्हणाले ते आईने कळवलं. दुसऱ्यांना दाखवू. तोवर पाठवत राहा ना, बाबा.

राग धरू नका.
धाकटी

२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

अक्षर आईचं आहे, मजकूर माझा. दुसरे डॉक्टरही तेच म्हणाले, हे वाढतच जाणार.

काल एकच शिपाई घेऊन सकाळपासून बसलो. मनगटाखाली पुस्तकं ठेवली, आईने कोपर धरलं. डावा डोळा जमला. उजव्याच्या वेळी ब्रश कपाळावर गेला. तू पुसशील म्हणून तो पाठवत नाही. दुकानदाराला सांग, बाबांनी काम थांबवलं. तुला करायचं तर तुझ्या नावाने कर.

सही तरी मीच करणार होतो. दोन कागद वाया गेले. या तिसऱ्यावर आईच लिहिते आहे,

बाबा